किती देते?

परवा संध्याकाळी गल्लीतला एक मुलगा घरी आला. माझ्या शेवटच्या काही बॅचपैकी एक. आता विट्याला बँकेत आहे, लग्न झालंय, वर्षाची मुलगी आहे. इतकी वर्षं मोटारसायकलवर जायचा, आता सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरवलंय. जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर. मोबाईलवर दोन गाड्यांचे फोटो दाखवले. एक २०१४ च्या पासिंगची, एक २०२० च्या. दुसरी सत्तर हजारांनी महाग. मी चष्मा लावून फोटो बघतोय तोवर त्यानं स्वतःच निकाल देऊन टाकला.

"सर, पहिली चोवीस देते म्हणतोय एजंट. दुसरी वीसच देते. मग पहिलीच घ्यावी ना?"

मंडळी, या "किती देते" नं माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती का जाते हे आज एकदा लिहूनच टाकतो. चिडून लिहितोय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

आपल्याकडे गाडी बघायला आलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधी ॲव्हरेज विचारतो. गाडी कुठल्या सालची, कुणी वापरली, ब्रेक कसे, बसणाऱ्याच्या जिवाची काय सोय, हे सगळं नंतर. किंवा कधीच नाही. मारुती कंपनीनं दीड दशकापूर्वी "कितना देती है?" अशी जाहिरातच केली होती. आपण सगळे हसलो होतो. त्या जाहिरातीत आपल्यालाच आरसा दाखवला होता, हे काही कुणी मनावर घेतलं नाही.

हा प्रश्न मुळात गोठ्यातला आहे. "म्हैस किती देते?" आमच्या भागात, भिलवडी-पलूस पट्ट्यात, दुधावर कितीतरी घरं उभी राहिली, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला दुधाइतकाच सवयीचा. पण म्हैस घेणारा शहाणा शेतकरी विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर कधी जनावर घेत नाही. त्याला ठाऊक असतं की बाजाराच्या दिवशी सकाळची धार काढलेली नसते, कास टम्म दिसावी म्हणून. तो दात मोजतो, सड चाचपतो, आणि जमलं तर विकणाऱ्याच्या गोठ्यात मुक्काम करून दोन वेळच्या धारा समोर काढायला लावतो. साठ-सत्तर हजारांच्या म्हशीला एवढी तपासणी! आणि तोच माणूस तीन लाखांची गाडी मात्र "चोवीस देते, डॉक्टरनं वापरलीय, सिंगल हँड आहे" एवढ्या तीन वाक्यांवर घेऊन येतो. (आमच्या जिल्ह्यात विकायला असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच कशी असते? इतके डॉक्टर गाड्या विकून चालत फिरतात की काय!)

बरं, हे चोवीस आलं कुठून?

कंपनीच्या जाहिरातीतला जो आकडा असतो तो प्रमाणित चाचणीतून येतो. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासूनची, तिचं नाव आपण जाहिरातीत वाचतो. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरतात, एक चालक समोरच्या पडद्यावरच्या आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, वीसेक मिनिटांत काम संपतं. ताशी नव्वदच्या वर वेग जात नाही, एसी बंद. यात कुणी लबाडी करतं असं नाही. सगळ्या गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची तर ती अशीच काढावी लागते. मी पस्तीस वर्षं पेपर काढले, मला ते कळतं. पण प्रश्नपत्रिकेत पडलेले मार्क म्हणजे पोराची अक्कल नव्हे, हेही मला तेवढंच कळतं. त्या रोलरवर एप्रिलमधलं आपलं ऊन नसतं, खड्डे नसतात, स्पीडब्रेकर नसतात आणि पुढे रांगणारा उसाचा ट्रॅक्टर नसतो.

शिवाय तो आकडा नव्या गाडीचा. ही गाडी दहा वर्षं कुणीतरी पळवलेली. हवा न भरलेले टायर, तुंबलेला एअर फिल्टर, चिकटणारे ब्रेक, घासलेला क्लच, यातलं एकेक दोन-दोन किलोमीटर खातं. म्हणजे जुनी गाडी घेताना ॲव्हरेज हा मॉडेलचा गुण उरतच नाही, तो आधीच्या मालकाचा गुण होतो! एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या, एक एकोणीस देईल आणि एक चौदा. म्हणून "हे मॉडेल किती देतं" असं जुन्या गाडीबद्दल विचारणं म्हणजे "दहावी ब चा मुलगा किती हुशार असतो" असं विचारण्यासारखं आहे.

आता पेट्रोलचं बघा. २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे रसायनशास्त्र आहे, त्यात राजकारण नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की ज्या चारचाक्या मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवल्यात, त्यांचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी उतरेल. पुढे २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं घट एवढी नाही असा खुलासा केला, पण जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केटं वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतील, असंही त्यातच म्हटलं. तेव्हा २०१४ ची गाडी घेणाऱ्यानं एजंटचं चोवीस नव्या पेट्रोलवर कितीचं होतं ते बघावं. आणि आपण कुरकुर कुठल्या तोंडानं करायची? ज्या उसावर आपली घरं चालतात त्याच उसाचं हे इथेनॉल. सोसायटीच्या कट्ट्यावर बसून ई-२० ला शिव्या घालणारे आमचे मित्र उसाच्या दराला मात्र टाळ्या वाजवतात. असो.

मी त्या मुलाला म्हटलं, "बस, कागद घे." बी.ए. मराठीचा माणूस मी, पण एवढं गणित येतं.

रोज पन्नास, वर्षाला दोनशे ऐंशी दिवस, म्हणजे चौदा हजार किलोमीटर. पेट्रोल हिशेबाला १०५ रुपये धरू. एजंटचे आकडे जसेच्या तसे खरे मानले तर चोवीसवाली वर्षाला ५८३ लिटर पिणार आणि वीसवाली ७००. फरक ११७ लिटर, म्हणजे सव्वाबारा हजार रुपये. ही रक्कम लहान नाही, मी तिला हसत नाही. पण ही झाली एजंटच्या शब्दावर. जुनी गाडी प्रत्यक्षात वीस आणि त्यामानाने नवी अठरा देईल असं धरलं (आणि माझ्या अनुभवात असंच होतं), तर फरक उरतो ७८ लिटरचा. आठ हजारांच्या आसपास. दिवसाला बावीस-तेवीस रुपये.

दोन चहा. तेही टपरीवरचे.

त्यासाठी हा मुलगा सहा वर्षं जुनी गाडी घ्यायला निघाला होता. जिचं २०२९ साली पंधरा वर्षं पुरी होऊन आरटीओत पुन्हा रजिस्ट्रेशन करावं लागणार, त्याची फीच पाच हजार, वर पर्यावरण कर, वर पासिंगसाठी करायची डागडुजी. ते सत्तर हजार वाचतात ते वाचतात कुठे, हे त्यानं बघितलंच नव्हतं.

हा प्रश्न एके काळी बरोबर होता, हे मान्य करतो. माझ्या पिढीनं तो उगाच विचारला नाही. पगार शेकड्यात होते, अँबॅसिडर लिटरला दहाच्या आसपास द्यायची, आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती सोळा-सतरा द्यायला लागली. दहावरून सोळावर गेलात तर त्याच चौदा हजार किलोमीटरला सव्वापाचशे लिटर वाचतं. त्याची चर्चा व्हायलाच हवी होती! पण विसावरून चोवीसवर गेलात तर ११७ लिटर. वर वर जाल तसं प्रत्येक किलोमीटरमागे वाचणारं पेट्रोल कमी कमी होत जातं. युरोपात म्हणूनच "शंभर किलोमीटरला किती लिटर" असं उलट मोजतात, त्यात हा भ्रम राहत नाही. आपण मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच्याच आवेशात विचारतोय.

सीएनजीवाल्यांचं दोन ओळीत. "किलोला तीस देते" म्हणून मिरवतात. अहो, किलो आणि लिटर एक नव्हे. पेट्रोलचं एक लिटर पाऊण किलोच भरतं, म्हणजे लिटरला बावीस देणारी गाडीही वजनानं किलोला तीसच देते. फरक असेल तो गॅसच्या दराचा, तेव्हा किलोमीटरला रुपये किती ते काढा. आणि जुनी सीएनजी गाडी घेताना टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालीय का आणि आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, ते आधी बघा.

इथवर पैशांचं झालं. पैशांचं असतं तर मी एवढा चिडलो नसतो.

२०१७ साली आमच्या घरात हीच चर्चा झाली होती. सूनबाई तासगावला नोकरीला, एसटीच्या वेळा जमेनात, म्हणून जुनी गाडी घ्यायची ठरली. मुलानं दोन गाड्या काढल्या. एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या, २०१३ च्या. एक टॉपची, दोन एअरबॅगवाली. दुसरी बेस मॉडेल, एअरबॅग नाही, पस्तीस हजारांनी स्वस्त. वर विकणारा म्हणाला, बेस मॉडेल हलकी असते, एखादा किलोमीटर जास्तच देते. निर्णय माझ्यावर आला, कारण निम्मे पैसे माझ्या फंडाचे. मी म्हणालो, "तासगावला जायचंय, विमानात नाही बसायचं. त्या पिशव्यांना काय करायचंय?"

हे वाक्य माझं आहे. मुलानं एकदा म्हणून बघितलं, "अप्पा, थोडे घालूया." मी त्याला पस्तीस हजारांत किती लिटर पेट्रोल येतं ते तोंडी सांगितलं.

जानेवारी २०१९. गळीत हंगाम भरात. संध्याकाळी सातनंतर सूनबाई एकटीच परत येत होती. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आपल्याकडची पद्धत म्हणून चार दगड मांडलेले. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर, आणि ट्रॉली दिसली तेव्हा अंतर उरलं नव्हतं. तिनं पट्टा लावलेला होता म्हणून आज आहे. पण तोंड स्टिअरिंगवर आपटलं. जबडा दोन ठिकाणी मोडला, मनगट गेलं. मिरजेला ऑपरेशन, जबड्यात पट्ट्या, दीड महिना नळीनं पातळ खाणं.

एअरबॅग असती तर काहीच झालं नसतं असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण तोंड स्टिअरिंगवर आदळू नये एवढ्याचसाठी ती पिशवी तिथं असते.

घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सून आज ठणठणीत आहे, गाडीही चालवते. फक्त कणीस भाजलं की ती सुरीनं दाणे काढून खाते, दातांनी तोडता येत नाही. दर पावसाळ्यात ती सुरी मी बघतो.

म्हणून आता मी माहिती गोळा करून ठेवलीय, आणि जो विचारेल त्याला (न विचारेल त्यालाही) सांगतो. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळून बघितल्या होत्या. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो, पाचही एअरबॅग नसलेल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातलीच पोलो दोन एअरबॅग लावून आदळली तेव्हा तिला चार मिळाले. ही बातमी त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. मीही वाचली असणार. वाचून पान उलटलं असणार.

सरकारनं ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग सक्तीची केली ती १ जुलै २०१९ पासून. एबीएसही त्याच सालापासून सगळ्या नव्या गाड्यांना आलं. शेजारी बसणाऱ्याची एअरबॅग जुन्या मॉडेलांनाही लागू झाली ती २०२१ च्या अखेरीला. म्हणजे आज बाजारात जी स्वस्त आणि "भरपूर देणारी" म्हणून २०१२ ते २०१८ ची बेस मॉडेलं फिरताहेत, त्यातल्या बहुतेकांत काहीही नाही. शहरातल्या लोकांनी विकून टाकलेल्या, एमएच-१२, एमएच-१४ च्या या गाड्या आपल्याकडे येतात, आणि आपण त्यांना उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर रोज पन्नास किलोमीटर पळवतो. जिथं सुरक्षेची गरज जास्त तिथंच ती नसलेली गाडी येते, आणि ती येते आपल्याच प्रश्नामुळे. गिऱ्हाईक एअरबॅग विचारत नाही तर एजंट कशाला सांगेल? त्याला दोष देऊन उपयोग नाही. तो तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

माझा एक मित्र यावर म्हणतो, "सर, गरिबाला परवडायला नको का? त्याला मोटारसायकलवरून उठून चार चाकांत बसू दे की." हा युक्तिवाद मला खरोखर अडवतो. मोटारसायकलवर नवरा-बायको, पुढे एक पोर, मागे एक पोर, त्यापेक्षा कुठलीही गाडी बरी, हे मला मान्य आहे. ज्याच्याकडे दीडच लाख आहेत त्यानं दीड लाखाचीच घ्यावी, आणि पट्टा लावावा, मागच्यांनीही. माझं भांडण ज्याच्याकडे आणखी पन्नास हजार आहेत आणि जो ते म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर आणि काचेवरच्या रेडियमच्या नावात घालतो, त्याच्याशी आहे. आणि माझ्यासारख्याशी, ज्यानं ते पैसे बँकेत ठेवले.

तर तो मुलगा कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "सर, मग विचारायचं काय?"

म्हटलं, आधी साल. २०१९ जुलैनंतर बनलेली, आणि पैसे पोचत असतील तर २०२२ ची. पासिंगचं साल नव्हे, बनल्याचा महिना, तो आरसीवर असतो. त्याआधीची घ्यायचीच असेल तर एअरबॅग असलेलं वरचं मॉडेल शोध, जुन्या बाजारात फरक फार नसतो. मीटरवर विश्वास ठेवू नको. आता मीटर डिजिटल, लॅपटॉप जोडून दहा मिनिटांत मागे घेतात. पस्तीस हजार रनिंग सांगतात आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, स्टिअरिंग चकाकत असतं. हे दोन्ही काही मागे घेता येत नाहीत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. चार वर्षांच्या पस्तीस हजार चाललेल्या गाडीला नवे कोरे टायर का, ते विचार. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी माग, त्यात प्रत्येक वेळचं रनिंग लिहिलेलं असतं. कर्जाचा बोजा उतरलाय का बघ. व्यवहार झाला की चौदा दिवसांत विमा नावावर करून घे.

आणि पुराचं पाणी. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, २००५, २०१९, २०२१, तीन वेळा कृष्णा गावागावांत शिरली. भिलवडीची बाजारपेठ पाण्यात होती ती आपण बघितलीय. पुरात बुडालेल्या गाड्या भंगारातच जातात असं नाही. काही धुऊन, वाळवून, अत्तर मारून कुठेतरी विकल्या जातात. आपल्याकडच्या लांब जातात, लांबच्या आपल्याकडे येतात. तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का बघ. डिकीतली स्टेपनी उचल आणि खालच्या खोबणीत हात घाल.

हे सगळं जमलं, मग ॲव्हरेज. तेही विचारायचं नाही, मोजायचं. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर, तीनेकशे किलोमीटर रोजच्याच रस्त्यानं चालवायची, पुन्हा त्याच पंपावर तशीच भरायची आणि भागायचं. म्हशीच्या दोन धारा काढतात तसं. अर्थात गाडी घेण्याआधी हे जमत नाही. म्हणूनच तर म्हणतो की तो शेवटचा प्रश्न आहे.

त्यानं सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, कराडला एक २०२१ ची बघितलीय, मालक स्वतःच विकतोय, सर्व्हिसचे कागद आहेत म्हणतो. रविवारी सकाळी जायचंय, मला बरोबर चला म्हणतोय. ओळखीचा एक फिटर येतोय. बॅटरी आणि जुनं फडकं मी घेतलंय. सूनबाई म्हणाली, गाडी चालवून बघायला मीही येते.